गुप्त शब्दाचा फळा

एका जंगलात वीज होती. मुलांनो, ढगातली नव्हे, तारेतली. अधूनमधून जाते ना, तीच.

धबधब्यावर चाक फिरायचं आणि टेकडीवरच्या खोलीतून वीज जंगलभर जायची. खोलीत एक लोखंडी दांडा होता. खाली ओढला की वीज चालू, वर ढकलला की बंद. हा दांडा ठोकेतात्या सांभाळत. ठोकेतात्या म्हणजे सुतारपक्षी. त्यांची तीस वर्षं विजेच्या खांबांवर गेली होती, त्यामुळे त्यांना सभेला बोलावण्याची पद्धत नव्हती.

पुढे वीज कंपनीचे प्रमुख गवासाहेब यांनी नवं यंत्र आणलं. आता कुठल्याही ढोलीतून फोन करायचा, यंत्राला गुप्त शब्द सांगायचा, की वीज चालू किंवा बंद. साहेबांना हे भारी आवडलं. घरी पाहुणे आले की ते चहा पिता पिता सगळ्या जंगलाची वीज घालवून दाखवत.

एक दिवस मंजुळाबाई त्यांच्याकडे आल्या. या पाणकोंबडी. त्यांची आधीच्या दोन्ही खेपांची अंडी सापाने खाल्ली होती. या खेपेची तीन त्यांनी कंपनीच्या उबवण केंद्रात ठेवली होती. तिथे विजेवर ऊब मिळे आणि दाराला कुलूप होतं.

"साहेब, भलत्यानेच फोन करून वीज घालवली, तर माझ्या अंड्यांचं काय?"

गवासाहेब विचारात पडले. विचाराची सवय नसल्याने त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं.

विद्यापीठातून डॉक्टर करकोचे आले. ते एका पायावर उभे राहून विचार करत. दुसरा पाय त्यांनी परिषदांना जाण्यासाठी राखून ठेवला होता.

कंपनी आणि विद्यापीठ यांनी मिळून विजेचं रक्षण करायचं ठरलं. संयुक्त समिती झाली. पहिलं वर्ष समितीच्या नावात कुणाचं नाव आधी घ्यायचं, यात गेलं. (तुम्ही म्हणाल, वर्षभर अंडी थांबली कशी? मुलांनो, समितीचं वर्ष वेगळं असतं. मध्ये बोलू नका.) मग काम सुरू झालं. यंत्र गुप्त होतं, म्हणून कंपनी ते विद्यापीठाला दाखवेना. संशोधन अजून छापलेलं नव्हतं, म्हणून विद्यापीठ ते कंपनीला सांगेना. दोघांचंही एकमेकांपासून रक्षण उत्तम चाललं होतं.

शेवटी एक शिफारस बाहेर पडली. गुप्त शब्द अवघड असावा. करकोच्यांनी तो स्वतः घडवला. 'खळखळसत्त्याहत्तरबाभूळउलटीमगर.'

तो कुणाच्याच लक्षात राहीना. म्हणून टेकडीवरच्या खोलीत, जिथे रोज सुविचार लिहीत, त्या फळ्यावर तो लिहून ठेवण्यात आला. वर श्री, चारी बाजूंनी रंगीत खडूची वेलबुट्टी. अक्षर इतकं सुरेख की येणाऱ्याजाणाऱ्यांना ते संस्कृत वाटे. काहीजण नमस्कारही करत.

सामंजस्य करारावर सह्या करण्याचा समारंभ त्याच खोलीत ठेवला. खोलीत तेवढी एकच भिंत फोटोजोगी होती.

ठोकेतात्या बॅनरचं टोक धरून उभे होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, फळा पुसा की. फोटोत समदं दिसतंय."

"तात्या, आता मध्येच काय? सूचना लेखी द्या," गवासाहेब म्हणाले. "तीन प्रतींत."

"निरीक्षण रोचक आहे," करकोचे म्हणाले. "पण त्याला संदर्भसूची नाही."

फोटो निघाला. सगळे हसरे आले. फळा तर सगळ्यांत छान आला.

दुसऱ्या दिवशी तो 'रानवार्ता'च्या पहिल्या पानावर छापून आला. पौषातली सकाळ होती. थंडी अशी की पाणी पिताना चोच वाजावी. हुप्पेआप्पा नावाचे निवृत्त वानर उन्हात बसून पेपर वाचत होते. त्यांनी फोटो पाहिला, फळा वाचला, फोन उचलला.

वीज गेली.

मंजुळाबाई उबवण केंद्राकडे धावल्या. कुलूप विजेचं होतं. ते उघडेना. काचेतून तीन अंडी दिसत होती आणि त्यांच्यावरचा दिवा विझलेला होता. त्या तशाच धापा टाकत टेकडीवर गेल्या.

तिथे समिती जमली होती. हुप्पेआप्पाही स्वतःहून आले होते.

"मी आपलं चालतंय का ते बघितलं," ते म्हणाले.

"मग सुरू करा ना!" मंजुळाबाई ओरडल्या.

"तीच तर पंचाईत आहे, बाई. फोटोखाली डॉक्टरांचा लेख होता. गुप्त शब्द वेळोवेळी बदलावा, अवघड ठेवावा, कुठे लिहू नये. मी बदलला. अवघड ठेवला. लिहिला नाही. आता आठवत नाही."

करकोच्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या शिफारशी पूर्णपणे पाळणारा जंगलात हा पहिलाच प्राणी होता.

"हा हल्ला आहे!" गवासाहेब गरजले.

"घाई नको. आधी हल्ल्याची व्याख्या ठरवू," करकोचे म्हणाले आणि त्यांनी दुसरा पाय वर घेतला.

ठोकेतात्या तोवर बॅनरमागे शिरले होते. तिथे जुना दांडा होता, यंत्र आल्यापासून वर ढकलून ठेवलेला. तो काढून टाकण्याचा हुकूम निघाला होता, पण सही राहिली होती म्हणून वाचला होता. तात्यांनी दांडा धरला. मंजुळाबाईंनी तात्यांना धरलं. गंजलेला दांडा तसूभरही हलेना.

"साहेब," मंजुळाबाई रडत म्हणाल्या, "तुमचं एवढं वजन आहे म्हणतात. कधी वापरणार?"

गवासाहेब ओशाळले. पुढे येऊन त्यांनी खांदा लावला. दांडा करकरत खाली आला आणि वीज आली.

दोन अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. तिसरं गार पडलं होतं. मंजुळाबाई ते घरी घेऊन गेल्या आणि नऊ दिवस त्याच्यावर स्वतः बसून राहिल्या. हे सांगताना मला वाईट वाटतं, मुलांनो. पण गोष्ट आहे तशी सांगावी लागते.

करकोच्यांचा प्रबंध छापून आला. त्यात प्रयोग दोन-तृतीयांश यशस्वी झाल्याचं लिहिलं होतं.

मग दुसरा समारंभ झाला. तीच खोली, तीच भिंत. फळ्यावर नवा गुप्त शब्द, आधीपेक्षा लांब. या वेळी ठोकेतात्यांचाही सत्कार होता. गवासाहेबांनी त्यांना मायेने शाल पांघरली.

तात्यांनी मागे वळून पाहिलं. अंगावरची शाल काढली आणि नीट फळ्यावर टाकली.

"अहो तात्या!" गवासाहेब म्हणाले. "शाल अंगावर घ्या. आपली भिंत झाकली जातेय."

कुणीतरी शाल उचलून परत तात्यांच्या खांद्यावर घातली. सगळे हसले. फोटो फार स्वच्छ आला.

तात्पर्य : सत्काराची शाल नेहमी अंगावरच घ्यावी, भलतीकडे टाकल्यास फोटो बिघडतो. ज्यांची अंडी असतील, त्यांनी ती घरीच उबवावीत.