बरणीचा तळ

डॉ. माणिकप्पांनी ठरवलं ते एवढंच, की बरणीचा तळ पाहायचा.

उदगीरच्या कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला एवढी हौस माफ असावी. शिवाय अडवायला घरात कोणी नव्हतं. शिवगंगाबाई दिवाळीनंतर नातवाला सांभाळायला लेकाकडे हैदराबादला गेल्या, त्या ऊन तापलं तरी तिकडेच. ‘परत ये’ एवढं फोनवर म्हणायचं, तर डॉक्टरांची जीभ जड व्हायची. बोलवायला सबळ कारण हवं होतं. (नवऱ्याला करमत नाही, हा त्यांना पुरेसा पुरावा वाटत नव्हता.)

कारण स्वयंपाकघरात सापडलं. बाईंनी देगलूरच्या माहेराहून आणलेली गुडघाभर उंचीची काळपट बरणी. बाई तिला मर्तबान म्हणत. मर्तबान तर ब्रह्मदेशातलं जुनं बंदर! तिथल्या बरण्यांवर असतात तसे पांढरे ठिपकेही हिच्या खांद्यावर होते. पण जाणकार म्हणतात, अशा भांड्याचं गाव तळावरून ओळखावं. आणि तळ पाहायचा, तर आतलं लोणचं काढणं आलं.

काढलं. बरणी आडवी करायला शेजारचे मलप्पा किराणावाले आले.

"सर, लई जड हाय. लाखाची हाय का?"

"ठिपके बघा मलप्पा, ब्रह्मदेशाचे आहेत."

मलप्पांनी नख लावलं. "ह्ये तर निघायलेत. चुना हाय सर, मागं घर रंगवलं तवाचा."

ब्रह्मदेश गेला. पण तळावर एक काळसर गोल कडं दिसलं आणि माणिकप्पांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. सयामच्या, म्हणजे आताच्या थायलंडच्या, जुन्या भट्ट्यांत भांडी मातीच्या नळीवर ठेवून भाजत. तिचं असंच कडं तळाला राहतं! त्यांनी फोन लावला.

"अगं, तुझी बरणी सयामची आहे! पाचशे वर्षांपूर्वीची! तुला यायलाच हवं."

"लोणचं कशात काढलंत?"

"भट्टीतल्या नळीची खूण–"

"अहो, लोणचं कशात काढलंत?"

"बादलीत."

"कोणत्या?"

"आंघोळीच्या. पण धुऊन घेतली होती." (पुसली नव्हती, हे त्यांनी सांगितलं नाही.)

"उद्या निघते मी!"

फोन ठेवून ते बरणी जागेवर ठेवायला गेले. तिथली बरणीखालची तीन पायांची गोल लोखंडी अडणी गंजली होती. तळावरचं कडं बरोबर तिच्याच मापाचं होतं. सयामही गेलं. पण खरं सांगायचं तर त्यांना फारसं दुःख झालं नाही. त्यांनी दाढी केली, मोगऱ्याचा गजरा आणला, मग वय आठवून तो देवघरात ठेवला.

दुसऱ्या दिवशी लेकाच्या गाडीतून बाई उतरल्या. लोणचं बादलीसकट बाहेर गेलं.

"मग? कुठली निघाली बरणी?"

"सांगता येत नाही." माणिकप्पांनी मान खाली घातली. "मला... करमत नव्हतं."

बाई जरा वेळ बरणीच पुसत राहिल्या. "मग तसं म्हणायचं की! एवढं शिकून काय केलंत? उद्या दोघांना बी नेते हैदराबादला. तुम्हाला अन् हिला."

माणिकप्पांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, बॅग घेऊन ते गाडीपाशी आले. पुढं लेकाशेजारी शिवगंगाबाई. मागं गोधडीत गुंडाळलेली बरणी, दोन्हीकडून उशा, वरून सीटबेल्ट.

"मी कुठं बसू?"

"तुम्ही काय फुटता का?" बाईंनी काच वर घेतली. "एसटीनं या मागून."