शांबाचं गाऱ्हाणं

परीक्षेच्या हॉलच्या दारात शांबा नारळ घेऊन उभा असतो. सर प्रश्नपत्रिकांचं सीलबंद पाकीट घेऊन येतात आणि शांबा त्यांना अडवतो. "सर, एक मिनट. गाऱ्हाणं जावंदी." आणि सर थांबतात! मी तिखटमीठ लावत नाही. डॉक्टरेट घेतलेला माणूस पाकीट काखेत धरून चपला काढतो, डोळे मिटतो आणि आमच्याबरोबर ओरडतो, "व्हय म्हाराजा!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात कुठलंही काम सुरू करण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण खणखणीत आवाजात मागणं मागतो आणि जमलेले सगळे प्रत्येक मागण्यामागे "व्हय म्हाराजा!" म्हणून हुंकार देतात. हुंकार देणारं कुणी नसेल तर ते गाऱ्हाणं होत नाही. ती नुसती बडबड. देव ती ऐकत नाही, असं जुनी माणसं म्हणतात.

शांबा हे सगळीकडे घालतो. नव्या मुलांचं स्वागत असो, रक्तदान असो, कॅंटीनचा नवा मिक्सर असो. सुरुवात ठरलेली असते. "बा ग्रामदेवा म्हाराजा! वयल्या वाड्याच्या, सकयल्या वाड्याच्या, माळावयल्या, व्हाळाकडच्या सगळ्या रयतेक सांबाळून घे म्हाराजा!" वरचे, खालचे, माळावरचे, ओढ्याकडचे, सगळे वाडे त्यात येतात. आम्ही हुंकार देतो. मग तो जरा थांबतो, शर्टाच्या खिशात हात घालतो, आणि पुढचं कॉलेजपुरतं मागणं येतं. "आनी ह्या अकौंटन्सीचो पेपर ज्या कोणी काडलो आसात, ताच्या मनात दया घाल म्हाराजा!" खिशात अंगाऱ्याची पुडी असावी, असा आमचा समज होता.

हुंकार बारीक आला तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. "हो कसलो आवाज? मेल्यांनो, सकाळी पाव खावंक ना?" एकदा त्याने वार्षिक संमेलनाच्या पाहुण्यांना तीनदा ओरडायला लावलं. पाहुणे आमदारकीला उभे राहणार होते, त्यामुळे तिसऱ्या वेळी त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

मी डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्शाची. गाऱ्हाणं मला नवीन नाही. पण मी कॉलेजात आले ती पत्रकं वाटायला. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, पत्रक. कॅंटीनचं तेल काळं झालं, पत्रक. ग्रंथालय दुपारी बंद, पत्रक. शांबा मला पत्रकबाय म्हणतो. माझ्या पत्रकांत कॅंटीनवाला भजी बांधून द्यायचा, आणि ज्या पत्रकात मी त्याच्या तेलावर लिहिलं होतं त्यातच त्याच तेलातली भजी मला मिळाली आहेत. ह्या कॉलेजात लोकांना एका आवाजात बोलायला लावणं काय असतं ते मला विचारा. आणि हा पोरगा एक नारळ घेऊन उभा राहिला की सगळं कॉलेज एका आवाजात बोलतं! संताप येणार नाही तर काय?

आंतरमहाविद्यालयीन व्हॉलीबॉलचंच घ्या. डिचोलीकडचा संघ आला होता, आमच्यापेक्षा हातभर उंच. शांबा मैदानाच्या मधोमध गेला. "आमच्या पोरांचो हात वयर आनी ह्या पावण्यांचो हात सकयल रवांदी म्हाराजा!" आणि ते पाहुणे, टोप्या काढून, हात जोडून, आमच्याहून मोठ्याने, "व्हय म्हाराजा!" त्यांच्या कॅप्टनच्या लक्षात आलं तोवर नारळ फुटला होता. त्यांच्या सरांनी कपाळावर हात मारून घेतला. ते हरले. जाताना कॅप्टन आमच्या सरांना गंभीरपणे विचारत होता, "सर, आमी सवयीन म्हटलां. तां मागे घेवंक मेळात?"

हरमलच्या किनाऱ्यावर आम्ही कचरा उचलायला गेलो होतो. तिथे वाळूत पालथे पडलेले दोन परदेशी पाहुणे गाऱ्हाण्याला उठून उभे राहिले आणि आमच्यासोबत काहीतरी ओरडले. मी शांबाला म्हटलं, "त्यांना कळलं तरी का?" तो खूश होता. "कळूंक कित्याक जाय गो? आवाज वाडलो मगे?"

आमचं खरं भांडण झालं ते बसवरून. संध्याकाळची बस बंद केली होती. डिचोलीकडच्या मुली अंधार पडेपर्यंत फाट्यावर उभ्या राहायच्या, आणि रस्त्यावरून जाणारे काय काय बोलायचे ते मी इथे लिहीत नाही. मी तीन पत्रकं काढली. मग मोर्चा काढला. बसच्या कचेरीच्या फाटकाशी मी मागण्या वाचणार, इतक्यात शांबा पुढे झाला. "ह्या सायबाक सुबुद्धी दी म्हाराजा!" खिडकीतला कारकून "व्हय म्हाराजा!" म्हणाला. आणि बाहेर आलेला साहेब, फाईल काखेत, त्याच्याही तोंडून निघून गेलं, "व्हय म्हाराजा!" स्वतःच्या सुबुद्धीला स्वतःच हुंकार दिल्यावर माणूस काय करणार? बस सुरू झाली.

मी परतताना शांबाला धरलं. "बस आमचा हक्क होता. हक्क मागून घ्यायचा असतो का, देवाकडे?"

"हक्काचां तू बघ गो," तो म्हणाला. "माका देवाचां पण पडूंक ना. माका आवाज मेळ्ळो. आज बरो आवाज आसलो."

मला तेव्हा वाटलं, ह्या मुलाला टाळ्यांचं वेड आहे. पुढे-मागे हाही निवडणुकीला उभा राहणार.

मग क्रीडामहोत्सवाला तो आलाच नाही. प्राचार्यांनी माईकवर विचारलं, "शांबा खंय?" कुणालाच ठाऊक नव्हतं. शर्यती सुरू झाल्या, पण सगळे घरी गॅस चालू ठेवून आल्यासारखे वावरत होते. फोन लागेना. शेवटी मी आणि सिद्धी तिच्या स्कूटरवरून त्याच्या गावी निघालो. सिद्धी त्याच्याच वर्गातली. तिच्याकडे त्याचं परीक्षेचं ओळखपत्र होतं, म्हणजे जायला कारणही होतं.

गाव मोपाच्या विमानतळाच्या माळाखाली, उतरणीवर. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबवायचं आणि मग पुढे सुरू करायचं, अशी तिथली रीत. स्कूटर हमरस्त्यावर ठेवून आम्ही पायवाटेने उतरलो. नाक्यावरच्या दुकानदाराला मी शांबाचं घर विचारलं. त्याने साखर मोजता मोजता सांगितलं, "तसलो कोण हांगा रवना." पुढच्या घरी सोप्यावर एक बाई तांदूळ निवडत होती. मी नाव घेतल्याबरोबर तिने सूप उचललं आणि ती आत गेली.

एका नव्या बंगल्याच्या भिंतीवर बेळगावकडचा गवंडी प्लास्टर मारत होता. तो वरूनच म्हणाला, "शांबाभाऊचं घर काय? त्या फणसाच्या मागं बघा. ह्यांना इचारून उपेग न्हाई ताई, गाव बोलत न्हाई त्यांच्यासंगं. आमी बोलतो. आमाला कुठं गावात धरत्यात?"

शांबा अंगणात चादरी धूत होता. आम्हाला पाहून त्याने आधी ओठांवर बोट ठेवलं. मग फणसाखाली नेऊन, मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा हळू आवाजात, सगळं सांगितलं.

गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. बाप देवळात गाऱ्हाणं घालायचा आणि सगळा गाव हुंकार द्यायचा. मग जत्रेत पालखीला आधी खांदा कुणी द्यायचा, ह्यावरून गावात दोन गट पडले. एका गटाने बापाला सांगितलं, गाऱ्हाण्यातून वयलो वाडो गाळ. दुसऱ्याने सांगितलं, सकयलो गाळ. बापाने जत्रेच्या दिवशी सगळे वाडे घेतले, नेहमीसारखे. त्या दिवशी कुणी हुंकार दिला नाही. भरलं देऊळ गप्प बसलं. पुढे भांडण वाढलं, सरकारी हुकूम आला, देवळाला टाळं लागलं. दोन्ही गटांचं ज्या एकाच गोष्टीवर एकमत झालं ती म्हणजे शांबाचा बाप. त्याला वाळीत टाकायचं. आजही त्यांच्याशी कुणी बोलत नाही, कामाला बोलावत नाही. म्हणून त्याची आई रोज हरमलला पर्यटकांच्या खोल्या झाडायला जाते.

बाप त्यानंतर खाटेला लागला. अर्धं अंग गेलं.

"तो खाटीर पडान एकच इचारी," शांबा म्हणाला. "'गाव हुंकार दिता मां रे?' कितें सांगतलंय? मी सांगलां, तंटो मिटलो, देऊळ उघडलां, तुझ्या जाग्यार मी गाऱ्हाणां घालतंय. तो म्हणालो, फोनार आयकय."

तो फोन. शर्टाच्या खिशातला. वाड्यांचं गाऱ्हाणं बाप ऐकायचा, आम्हा साऱ्यांचा हुंकार ऐकायचा, मग शांबा खिशात हात घालून फोन बंद करायचा, आणि त्यानंतर अकौंटन्सी.

"आता डॉक्टर म्हणता, जास्ती दीस नात," शांबा म्हणाला. "म्हणान कॉलेजीक येवंक ना."

माझं डोकं तापलं. मला ह्या प्रकाराचं नाव ठाऊक आहे. हा बहिष्कार आहे, हा गुन्हा आहे. पत्रकाचा मथळा माझ्या डोक्यात तयार झाला, नावांसकट. मी म्हटलं, "पोलिसांत जाऊ. आजच्या आज!"

"आनी जीप दारात येतली," शांबा म्हणाला. "बाबा आयकतलो."

तेवढ्यात आतून आवाज आला. "कोण आयलां रे?"

"वयल्या वाड्यावयलीं चेडवां, बाबा! तुका बघूंक!" शांबा एकदम कॉलेजातल्या आवाजात ओरडला. आम्हा दोघींना वरच्या वाड्यातल्या मुली करून टाकताना आमच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

आत खाटेवर म्हातारा होता. म्हातारा तरी कसला, माझ्या वडिलांच्या वयाचा. उशाशी फोन. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे लख्ख. सिद्धी दारातच थांबली. मी पुढे गेले. 

"औंदाच्या जत्रेक तू आसलंय?"

मी खोटं बोलत नाही. कुणाच्या तोंडावर काय बोललं ह्याची मी कधी पर्वा केलेली नाही, प्राचार्यांच्याही नाही. लोकांच्या भावना जपायला गप्प बसायचं म्हणजे अन्यायाला हातभार, हे वाक्य मी निदान दोन पत्रकांत छापलं आहे. आणि ह्या माणसाचं वाटोळं एका धडधडीत अन्यायाने झालं होतं, आणि तो अन्याय मिटला आहे असं त्याला वाटत होतं.

"आसलंय, काका," मी म्हटलं.

"फोनार हुंकार कळता. वाडो कळना." त्याला श्वास पुरत नव्हता. "वयलो वाडो आयलो? सकयलोय?"

"सगळे वाडे आयले, काका."

"सगळे?"

"एकय चुकूंक ना."

त्याचा चांगला हात खाटेवर एकदा आपटला. "सांगलेलां मी तांका. एक वाडो गाळलो तर देव आयकना." मग त्याने डोळे मिटले. एक विमान गेलं. ते जाईपर्यंत आम्ही तिथेच उभ्या होतो.

अंगणात आल्यावर मी शांबाला म्हटलं, "पत्रक मी काढणार. काढणारच."

"काड," तो म्हणाला. "बाबा गेल्या उपरांत काड. नावां मी सांगतंय."

तो आम्हाला पोचवायला निघाला. पायवाट घरांच्या अंगाअंगाने जाते, आणि संध्याकाळ झाल्यामुळे सोप्यांवर माणसं होती. पहिल्याच घरापाशी शांबा मोठ्याने म्हणाला, "आबा, पाय बरो आसा?" सोप्यावरच्या माणसाने पेपरचं पान उलटलं. शांबा एक उत्तर मावेल इतका थांबला आणि हसला. "बरां, बरां! सांगतंय बाबाक!"

पुढे ती मघाची बाई होती. "गो काकी, सुनेक चेडू जालां म्हण? पेडे खंय?" बाई उठून आत गेली. दार लागलं. शांबा दाराला म्हणाला, "आता नाका, आता नाका! चाय मागीर घेतंय!"

सिद्धीला राहवलं नाही. "शांबा, अरे ती आत गेली."

"बाबाक हांगासून माझो आवाज आयकूंक येता," तो हळूच म्हणाला. "तांचो येना. ताका वाटता, तीं बोलतत." आणि लगेच पुढच्या सोप्याकडे वळून मोठ्याने, "मामा! काजूक मोहर बरो धरलो मां?"

असं करत तो प्रत्येक घरापाशी बोलला. कुणाचा पाय, कुणाची गाय, कुणाचा मुंबईचा जावई. कुणी मान वर केली नाही. दुकानदाराच्या विनोदावर तो पोट धरून हसला. दुकानदार साखर मोजत होता.

नाक्याच्या पुढे वाट वळते. वळणापलीकडे आल्याबरोबर शांबाचा आवाज बंद झाला. तिथून हमरस्त्यापर्यंत तो एक शब्द बोलला नाही.  सिद्धीने ओळखपत्र दिलं, ते त्याने न बघता खिशात घातलं. स्कूटर सुरू झाली तेव्हा तो परत फिरला होता. मी मागे वळून पाहिलं. वळणापाशी तो थांबला, त्याने घसा खाकरला, आणि मग गावात शिरला.