उघड्या पुस्तकाची परीक्षा

“पुस्तकं आत न्यायची असतात, बाबा,” सुनेनं पुन्हा सांगितलं. “नियमच आहे तसा.”

“परीक्षेला पुस्तक? मग पेपर घरीच लिहावा की आरामात.”

सासरे निवृत्त मुख्याध्यापक. नोकरी संपल्यावर हौसेनं कायदा शिकले, पदवी घेतली. आता वकिलीची सनद हवी तर बार परीक्षा पास व्हायला हवी. सून स्वतः वकील. सासऱ्यांना आपल्या ऑफिसात घ्यायचं तिच्या मनात होतं. पण मागच्या खेपेला ते पुस्तकाशिवाय, पेपरातून मान वर न करता बसले आणि थोडक्यात आपटले.

तिनं सगळं पुन्हा समजावून सांगितलं. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, त्यातला बरोबर गोल काळा करायचा. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून कोरं काही सोडायचं नाही. कायद्याची पुस्तकं चालतात, फक्त त्यात हातानं लिहिलेलं काही नको.

“याला आमच्या शाळेत कॉपी म्हणायचे.”

“आमच्याकडे संदर्भ म्हणतात,” सून म्हणाली आणि पुस्तकांची पिशवी तिनं त्यांच्या खांद्याला अडकवूनच दिली.

परीक्षेच्या वर्गात पहिले काही प्रश्न सासऱ्यांनी पाठांतरावर उडवले. तेवढ्यात शेजारी पानं फडफडली. बघतात तर शेजारचा तरुण पुस्तक उघडून त्यावर खुशाल बोट फिरवतोय. उभ्या आयुष्याची सवय. सासरे ताडकन उठले.

“पुस्तक मिट.”

आवाज अजून शाळेतलाच होता. तरुणानं पुस्तक मिटलं. पुढच्या बाईंनी मिटलं. बघता बघता निम्म्या वर्गाची पुस्तकं मिटली, एकानं तर घाबरून पेनही खाली ठेवलं. मागून कुणीतरी विचारलं, “नियम बदलला का हो?” आणि सगळीकडे कुजबुज सुरू झाली.

टक्कल पडलेले पर्यवेक्षक धावत आले. “काही बदललेलं नाही, पुस्तकं उघडा,” असं सगळ्यांना सांगून ते सासऱ्यांना झापायला वळले, आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

“सर, तुम्ही? मी सातवी ब मधला. भूगोलाला तुम्ही माझ्या बाहीतून चिठ्ठी काढली होती.”

“नद्यांची,” सर म्हणाले.

“हो. ते वर्षच गेलं माझं.” पर्यवेक्षक हसले. “बसा सर. आणि पुस्तक काढा. मी सांगतोय ना, चालतं.”

सर बसले. पेपर पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं फेरी मारताना पर्यवेक्षकांना दिसलं, की सरांची नजर एकदा दाराकडे जातेय, एकदा बाकाखाली. ते हळूच जवळ आले. पुस्तक सरांच्या मांडीवर होतं, वरून रुमाल.

“सर, बाकावर ठेवून बघितलं तरी चालतं.”

सरांचे कान लाल झाले. “माहीत आहे रे,” ते पुटपुटले. “पण तू असा समोर असलास की मला पान उलटवत नाही.”

पर्यवेक्षकांनी क्षणभर विचार केला. मग ते खिडकीशी गेले आणि सरांकडे पाठ करून पेपर संपेपर्यंत बाहेर बघत उभे राहिले.

सर पास झाले.