ठराव बिनविरोध मंजूर

"लिहून घे," ससाणा म्हणाला. "गुन्हेगारांचा कर्दनकाळ, सत्याचा जिवलग, ज्याच्या नजरेतून मुंगीचं पाऊलही निसटत नाही, असा शहरातला एकमेव खाजगी गुप्तहेर."

मेहुण्याने मुकाट्याने टाइप केलं. व्हिजिटिंग कार्डाचा हा चौथा मसुदा होता. 'ससाणा' हे नाव गुप्तहेराने स्वतःच स्वतःला ठेवलं होतं. दुसऱ्या कुणी ठेवलं असतं, तर पक्षी वेगळा असता. गेल्याच महिन्यात त्याने किल्ली आत ठेवून घराला कुलूप घातलं होतं आणि चोरीचा आळ शेजाऱ्यावर घेतला होता. पण तो बहिणीचा नवरा. शिवाय मेहुण्यासारख्या निवृत्त टंकलेखकाला टाइपरायटर ठेवायला दुसरी जागा नव्हती.

तेवढ्यात वॉर्डाचे नगरसेवक आत आले. कपड्यांची इस्त्री शाबूत होती, चेहऱ्याची गेली होती.

"माझ्या नावावर कुणीतरी दगाबाजी केलीय," ते म्हणाले. "आपल्या वॉर्डातला दवाखाना बंद करायचा ठराव गेल्या सभेत बिनविरोध मंजूर झाला. लोक दारात येऊन शिव्या घालतायत. मी तर त्याला हो म्हणालोच नाही. सोमवारच्या सभेत त्यावर शेवटचा शिक्का बसला, की पहिल्या तारखेला कुलूप. त्याआधी गुन्हेगार पकडा."

मेहुण्याने टाइपरायटर बाजूला सारला. त्याच दवाखान्यात त्याची आई दिवसाआड पायाला पट्टी करून घ्यायची. मधुमेहाची जखम पाच महिने भरत नव्हती. पट्टी चुकली तर बोट जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पुढचा दवाखाना दोन बस बदलून, वर चढावर होता.

"सभेत होतात ना तुम्ही?" त्याने विचारलं.

"होतो की. हजेरीपटावर सही आहे माझी."

"आणि ठराव आला तेव्हा?"

"तेव्हा कसा असेन? सही करून मागच्या दाराने निघालो. एका दुकानाचं उद्घाटन होतं. नगरसेवकाला काय कमी कामं असतात?"

"कोणकोणती असतात?"

नगरसेवकांनी बोटं मोजायला घेतली, ती एकावरच थांबली. "उद्घाटनं," ते म्हणाले.

"तोतया," ससाणा डोळे मिटून म्हणाला. "तुमच्या खुर्चीत तुमच्यासारखा दिसणारा माणूस बसला होता."

पुढचे दोन दिवस त्याने सभागृहात अकलेचे तारे तोडले. नगरसेवकांच्या खुर्चीची गादी शिंप्याच्या टेपने मोजली. गादीला खळगा नव्हता, म्हणजे तोतया वजनाने हलका. खुर्चीवर चार वर्षांत कुणी बसलंच नाही, असं मेहुण्याला वाटलं, पण त्याला कोण विचारतो. मग ससाण्याला छताचा पंखा संशयास्पद वाटला. त्याच्याकडे बघत राहिलं की सभासद संमोहित होतात, हे सिद्ध करायला तो पंख्याखाली बसला आणि अर्धा तास घोरला. शेवटी त्याने पट्ट्या आणि कापूस गिळंकृत करणाऱ्या आंतरराष्ट्रीय टोळीचा नकाशा काढला. तोवर शनिवार उलटला होता.

रविवारी तो मेहुण्याला घेऊन नगरसेवकांच्या घरी ठसे घ्यायला निघाला, तेव्हा सासूबाईही, म्हणजे मेहुण्याची आई, सोबत निघाल्या.

"आई, हे तपासाचं काम आहे," ससाणा म्हणाला.

"दवाखाना माझा जातोय, तुमचा नाही," त्या म्हणाल्या आणि चपला घातल्या.

तिथे पोचेपर्यंत त्यांचा पाय ठणकायला लागला. पाय टेकायला काही आहे का, असं त्यांनी विचारलं. नगरसेवकांच्या बायकोने सोफ्याखालून सुतळीने बांधलेला एक जाड गठ्ठा पुढे सरकवला. "ह्याच्यावर ठेवा. आमच्याकडे ह्याच कामाला वापरतो."

सासूबाईंनी पाय ठेवला, मग खाली वाकून पाहिलं. नगरपालिकेची खाकी पाकिटं होती. प्रत्येकावर छापलं होतं, 'सभेपुढचे विषय, तातडीचे'. चार वर्षांची पाकिटं, आणि एकाचाही डिंक सुटलेला नव्हता. त्यांनी वरचं पाकीट केसातल्या पिनेने फोडलं, चष्मा लावला आणि वाचायला लागल्या.

"विषय चौदावा. दवाखाना बंद करणे. ठराव मांडणार..." त्या थांबल्या. "अहो, हा तर तुम्हीच मांडलाय. खाली सही आहे तुमची."

नगरसेवकांनी वाकून सही पाहिली.

"पक्षाच्या कचेरीत वर्षाच्या सुरुवातीला कोऱ्या कागदांवर सह्या घेतात," नगरसेवक म्हणाले. "सगळेच देतात. त्यावर पुढे कोण काय लिहितं, ते आम्ही कशाला बघत बसू?"

"म्हणजे तोतया इतका हुबेहूब होता," ससाणा हळूच म्हणाला, "की तो तुम्हीच होतात."

"मग ठराव मागे घ्या," मेहुणा म्हणाला.

"आणि अध्यक्षांना काय सांगू? वाचलं नव्हतं म्हणून? माझी अब्रू जाईल."

मेहुण्याला भयंकर चीड आली. चार हजार लोकांनी या माणसाला वाचायला आणि विचारायला पाठवलं होतं, आणि याला डिंक सोडवणं जमलं नव्हतं. आईच्या बोटापेक्षा याची अब्रू मोठी. तो काही बोलणार, तोच आईने त्याचा हात दाबला. "घरी चल. टाइप करायचंय."

सोमवारी सकाळी सभागृहाच्या पायऱ्यांवर आईने नगरसेवकांपुढे टाइप केलेला कागद धरला. "साहेब, इथे सही." त्यांनी सवयीने पेन काढलं, भलत्याच पायाकडे बघत "आता कसा आहे पाय?" असं विचारलं आणि सही ठोकली. तो कागद तिने लगेच सचिवांच्या टेबलावर नेऊन दिला.

सभा सुरू झाली. सभासदांनी हजेरी लावली आणि बहुतेक जण मागच्या दाराने पसार झाले. सचिवांनी बावीस विषय एका दमात वाचले. अध्यक्षांनी फोनवरून नजर न काढता विचारलं, "मंजूर?" कुणीही काही बोललं नाही. बंद करण्याचा ठराव ज्या शांततेत मंजूर झाला होता, त्याच शांततेत तो मागे घेतला गेला. वर प्रेक्षकांत बसलेल्या आईने पाय चोळला.

कागदावर आणखी एक वाक्य होतं. ठराव मांडणारे सभासद मुदत संपेपर्यंत दर बुधवारी दवाखान्याच्या खिडकीवर बसून रुग्णांचे कागद स्वतः भरतील. तेही बिनविरोध मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने फोटोसकट कौतुक छापलं, त्यामुळे नगरसेवकांना माघार घेता येईना. ससाण्याने कार्डाच्या पाचव्या मसुद्यात 'दवाखान्यांचा तारणहार' अशी भर घालायला सांगितली. मेहुण्याने ती टाइप केली.

बुधवारी आईचा नंबर आला. तिने आपला दवाखान्यातला जुना कागद खिडकीतून सरकवला. नगरसेवकांनी खाली न बघता पेनचं टोपण काढलं. आईने कागद मागे ओढला.

"आधी वाचा, साहेब."

मागे तीस माणसं उभी होती. कुणालाही घाई नव्हती. नगरसेवकांनी रांगेकडे पाहिलं, कागद जवळ घेतला आणि ओठ हलवत वाचायला सुरुवात केली.