लातूरला फिरायला

अट भार्गवीने घातली, नांदेडच्या बसस्टँडवर, शिल्पाच्या साक्षीने. लातूरला उतरल्यापासून परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत मुग्धाने गंधारचं नाव काढायचं नाही. त्याला खोकला आहे हे सांगायचं नाही, कुणाचं मूल दिसलं की "आमचा पण" म्हणायचं नाही आणि एसटीडीची पिवळी पाटी दिसली तर रस्ता ओलांडायचा.

"आणि अट मोडली तर?" मुग्धाने विचारलं.

"तर दिवाळीत हैदराबादला मी आणि शिल्पा जाऊ. तू घरी बसून ओवा भाज."

ओव्याला कारण होतं. मागे तिघी कंधारचा किल्ला बघायला गेल्या, तेव्हा मुग्धाने बुरुजावर उभं राहून गंधारच्या पोटाविषयी इतकं सविस्तर सांगितलं की शिल्पाला आता कुठलाही किल्ला म्हटला की ओवाच आठवे. तिघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. भार्गवी शाळेत शिकवायची, शिल्पा बँकेत होती, आणि मुग्धा एम.ए. होऊन अडीच वर्षांच्या गंधारच्या मागे वाटी घेऊन धावत होती. हैदराबाद तिला मनापासून हवं होतं. चारमिनारच्या बांगड्या हव्या होत्याच, पण त्याहून जास्त हवी होती ती लॉजवरची एक रात्र, जिच्यात मध्येच उठून कुणाला शू करायला न्यायचं नव्हतं.

"मंजूर," ती म्हणाली.

मूळची ती निलंग्याची. भूकंप झाला तेव्हा अकरावीत होती. तेव्हापासून कुठल्याही घरात शिरली की ती आधी छताकडे बघे, मग दाराकडे, आणि सगळ्यात शेवटी घरातल्या माणसांकडे. लातूर तरी का, तर तिथून संध्याकाळपर्यंत परतीच्या एसट्या आहेत, हे तिने कंट्रोलरला दोनदा आणि एका कंडक्टरला एकदा विचारून घेतलं होतं म्हणून.

पण एक गोष्ट तिघींच्याही लक्षात आली नव्हती. दहावीचा निकाल नुकताच लागला होता. मराठवाड्यात ज्या ज्या घरात हुशार मूल होतं, ते घर त्या आठवड्यात लातुरात होतं.

"कोण्या क्लासला?" रिक्षावाल्याने विचारलं.

"गोलाईला," शिल्पा म्हणाली.

"गोलाईत क्लास न्हाई ताई. तितं बाजार हाय."

"बाजारातच जायचंय. फिरायला आलोय आम्ही."

रिक्षावाल्याने चालू केलेली रिक्षा बंद केली आणि पूर्ण मागे वळून तिघींकडे पाहिलं. "लातूरला?"

"हो."

"फिरायला?"

"हो, का?"

"न्हाई, मी इथंच जन्मलो. मी बी अजून फिरलो न्हाई," तो म्हणाला. त्याचं नाव वीरण्णा. "आमाला फिरायचं आलं की आमी नांदेडला जातो."

गोलाईत तो त्यांना सोडून गेला नाही. 'लागंल तुमाला रिक्षा' म्हणून दुकानासमोर थांबला. साडीच्या दुकानात तिघी गादीवर बसल्या न बसल्या तोच मालकाने त्यांच्यापुढे उशीचे अभ्रे, चादरी आणि एक मच्छरदाणी टाकली.

"इरकल दाखवा ना," शिल्पा म्हणाली.

"इरकल कुठं पळून जाती काय?" मालक मायेने म्हणाला. "पोरगं डॉक्टर होऊ द्या. तवा या. मी स्वतः घडी मोडून दाखवीन. आता चादरी बगा, मळ न दिसणाऱ्या हायत."

तिथून त्या निलंगा राईस खायला गेल्या, तर दुकानाबाहेर रांग. मालक काउंटरवरून ओरडत होता, "ज्यांचे फॉर्म भरायचे ऱ्हायलेत ते आदी. बाकीचे थांबा." तिघी बाकीच्यांत थांबल्या. शेजारच्या बाकावर एक बाळ स्टीलचा चमचा चावत होतं. मुग्धाच्या तोंडात वाक्य तयार झालं. तिने ओढणी तोंडावर धरून ते परत आत ढकललं. भार्गवी बारीक नजरेने बघत होती. तेवढ्यात आतून आवाज आला, भात संपला.

"आता?" उन्हात उभं राहून भार्गवी म्हणाली. "मला चक्कर येईल हं."

वीरण्णा रिक्षाला टेकून उभाच होता. "खोटं कशाला बोलता ताई? ॲडमिशनला आलो म्हणा की. माझ्या मावशीकडं मेस बी हाय, खोल्या बी हायत. पालकाला पहिलं जेवण चाखायला फुकट असतंय."

शिल्पा भुकेली असली की तिला विवेक राहत नसे. "बरोबर ओळखलंत," ती म्हणाली. "आमचा भाचा आहे. सत्यम. त्र्याण्णव टक्के."

"मग सकाळपासून हेच सांगायचं न्हाई का?" वीरण्णाने रिक्षा सुरू केली.

"शिल्पे," रिक्षात भार्गवी कुजबुजली, "कोण सत्यम?"

"जेवण होईपर्यंतचा सत्यम. भाकरी खाऊ, खोली बघून 'कळवतो' म्हणू आणि औशाचा किल्ला गाठू."

वीरण्णाची मावशी कस्तुराबाई म्हणजे उंच, रुंद आणि जेवणारा थांबला की वाढणारी बाई. ज्वारीची गरम भाकरी, उडदाचं घुटं, शेंगाची चटणी, वर दही. तिघी इतक्या जेवल्या की भार्गवीला सत्यमविषयी माया वाटू लागली. मग कस्तुराबाईने पदराला हात पुसले. "चला, आता खोली बगा."

इथेच शिल्पाचा हिशोब चुकला. सकाळपासून मुग्धाच्या घशाशी एक मूल अडकलेलं होतं, आणि आता तिला परवानगीने दुसरं मिळालं होतं.

खोलीत शिरताच तिने छताकडे पाहिलं. "हे कॉलमचं बांधकाम आहे का?"

"भूकंपानंतरचं घर हाय. मालकानं उभं राहून सळ्या टाकून घेतल्यात."

"मग खाट खिडकीखाली का? दाराजवळ हवी. रात्री काही हललं तर आधी बाहेर पडता आलं पाहिजे. आणि हा प्लग इतका खाली?"

"खाली म्हंजे?"

"बोट घालेल ना तो."

कस्तुराबाईने तिच्याकडे निरखून पाहिलं. "धाव्वी झालेलं पोरगं?"

मुग्धा प्लगकडे वळली. "विज्ञानाची आवड आहे," ती म्हणाली. "प्रयोग करून बघतो."

शिल्पाला ठसका लागला. मुग्धाचं तिकडे लक्ष नव्हतं. जिन्याच्या वरच्या टोकाला आडवी फळी हवी, खिडकीला गज हवेत, पाण्याच्या टाकीचं झाकण जड हवं, दही दुपारीच द्यायचं, संध्याकाळी नाही, आणि पावसाळ्यात डोकं ओलं राहिलं तर कोण पुसणार?

"तुमी त्याची आई का?" कस्तुराबाईने विचारलं.

"मावशी."

"मावशीचं असं, तर आई कशी आसंल." कस्तुराबाईने कौतुकाने मान हलवली आणि जिन्यातून नवऱ्याला हाक मारली. "अहो, हातोडी घेऊन वर या. लाकडाची फळी बी आणा."

शंकरप्पा हातोडी घेऊन वर आले, पण त्यांच्यामागून आणखी सात-आठ माणसंही आली. खाली जेवायला बसलेले आईबाप होते ते. हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत गुणपत्रिका. आपण खोलीत काय बघायचं हे त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. ही बाई भिंतीवर बोटाने टकटक करून बघते, हे त्यांनी पाहिलं आणि त्यांना धीर आला.

"ताई, मी समोरची खोली घ्यावी म्हणतो," चष्मा लावलेले एक गृहस्थ म्हणाले. "जरा येऊन बघता का?"

"नाही नाही, आम्हाला औशाला..." भार्गवीने सुरुवात केली. पण मुग्धा तोवर समोरच्या जिन्यात होती.

त्यानंतरची दुपार त्या गल्लीने बराच काळ लक्षात ठेवली असेल. पुढे मुग्धा, मागे आईबाप, त्यांच्या मागे भार्गवी आणि शिल्पा. मुग्धा एका घरी गच्चीचा कठडा हलवून बघे, तो हले, आणि सगळे आईबाप 'आरारारा' करत एकदम खाली उतरत. दुसऱ्या घरी तिने गॅसची टाकी जिन्याखाली का, एवढंच विचारलं, आणि घरमालकाने ती तिथल्या तिथे स्वतः उचलून अंगणात नेली. पुढच्या घरांच्या बायका आता बातमी कळून आधीच फडकी मारू लागल्या होत्या.

"आपण सहलीला आलोय," भार्गवी म्हणाली.

"बघतोय की प्रेक्षणीय स्थळं," शिल्पा म्हणाली. "तीन संडास, दोन गच्च्या. एक पाण्याची टाकी तर फारच सुंदर होती."

"तूच आणलास ना तो सत्यम?"

"मी त्याला जेवणापुरता आणला होता. हिने दत्तक घेतला."

उन्हं कलली तेव्हा वरात परत कस्तुराबाईच्या दारी आली. खाट दाराजवळ आली होती. खिडकीला गज, जिन्याला फळी, प्लगवर पुठ्ठा. शंकरप्पा घाम पुसत बसले होते.

"ही दाराजवळची खाट सत्यमची," कस्तुराबाईने जाहीर केलं. "आता कुणी का मागंना, देणार न्हाई."

दाराशी बसलेली एक बाई हळूच उठली. कंधारकडून आलेली सिंधू. सकाळपासून ती याच घरात बसून होती आणि दुपारभर मुग्धाच्या मागे प्रत्येक जिना चढली होती. तिचा मुलगा क्लासची परीक्षा द्यायला गेला होता.

"मावशी, दुसरी न्हाई का हो अशी?" ती म्हणाली. "माझं लेकरू झोपंत चालतंय. घरी मी दाराला आडवी झोपते. हितं कोण झोपंल? ताईंनी फळी मारायला लावली तवाच मी मनात म्हणलं, हीच."

"भरली गं बाई. पयली यांची."

सिंधूने मुग्धाकडे पाहिलं. तक्रार नव्हती. नुसतंच पाहिलं. दाराला आडवी झोपणारी आई तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

"यांनाच द्या," ती घाईने म्हणाली. "आम्हाला नको."

चष्मेवाल्या गृहस्थांनी पिशवी उचलली. "नको म्हणाल्या का? काय खोट निघाली?" मागची दोन माणसं जिना उतरायलाही लागली.

कस्तुराबाईचा चेहरा पडला. "ताई, सांगा काय राहिलं. सांगाल ते मालक करतील. तुमी नको म्हणल्यावर माझ्या दारात उद्या कुत्रं येणार न्हाई."

"खोलीत काही खोट नाही," मुग्धा म्हणाली. "खोट सत्यममध्ये आहे. त्याला सायन्स नकोय. चित्रं काढायचीत त्याला."

सगळ्या आईबापांनी एक दीर्घ श्वास घेतला. कुणीतरी 'देवा' म्हणालं.

"त्र्याण्णव टक्के मिळवून?" शिल्पा उसळली. तिला आपला सत्यम असा बुडालेला बघवेना. "काहीतरी काय बोलतेस? गणितात शंभर आहेत त्याला."

"मग पाठवा की हिकडं," कस्तुराबाई पुढे सरसावली. "म्हैन्यात सरळ करते. चित्रं काढणारी दोन पोरं माझ्याकडून डॉक्टर झालीत. खाट त्याचीच."

आता काही इलाज नव्हता. मुग्धाने तोंड उघडलं, भार्गवीकडे पाहिलं, हैदराबाद आठवलं आणि तोंड मिटलं. पुन्हा सिंधूकडे पाहिलं आणि पुन्हा उघडलं. ते उघडमीट पाहून भार्गवीचाच संयम सुटला. घसा ताणून ती म्हणाली, "अहो, सत्यमबित्यम कुणी नाहीच. हिचा एकुलता एक मुलगा गंधार, तो अडीच वर्षांचा आहे. आणि घरी आहे."

कस्तुराबाईने बोटांवर हिशोब केला.

"म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "चौदा वर्षं आदी बगायला आल्या?"

मुग्धाकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यातलं काहीही गंधारचं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नव्हतं.

"बघ," चष्मेवाले गृहस्थ बायकोकडे वळून कडवटपणे म्हणाले. "आणि आपण निकाल लागल्यावर निघालो."

"मीच म्हणत होते आठवीत असतानाच जाऊ म्हणून," बायको म्हणाली.

कस्तुराबाईने सिंधूच्या हातात खोलीची किल्ली दिली. मग आतून हळदीकुंकू आणून तिघींना लावलं आणि वीरण्णाला बजावलं, ताईंना अगदी बसच्या दारात सोड. गल्लीच्या तोंडापर्यंत लोक पोचवायला आले. एका आजोबांनी आपला नातू पुढे करून मुग्धाला नमस्कार करायला लावला. तो चार वर्षांचा होता, आणि आजोबांच्या नजरेत त्याचं दीड वर्ष आधीच वाया गेलं होतं.

बसमध्ये बसल्यावर शिल्पाने निकाल दिला. नाव भार्गवीने काढलं, मुग्धाने नाही. हैदराबाद पक्कं.

"हे काही खरं नाही," भार्गवी म्हणाली. "अख्ख्या लातूरला प्लगवर पुठ्ठा लावायला लावला हिने."

"सत्यमसाठी," मुग्धा म्हणाली. "गंधारविषयी मी चकार शब्द काढला का?" आणि अट सुटलीच होती म्हणून तिने खोकल्यापासून सुरुवात केली. लोहा आलं तेव्हा ती जुलाबांपर्यंत पोचली होती आणि दोघीही झोपल्या होत्या.

घरी दार सासूबाईंनी उघडलं. सौदामिनीबाई खुशीत होत्या. गंधार त्यांच्यामागे पाटावर बसून वरणभात खात होता. त्याने मान वर करून आईकडे पाहिलं, ओळख पटल्यासारखं केलं आणि पुन्हा भाताकडे वळला.

"काही त्रास दिला का हो?" मुग्धाने चपला न काढताच विचारलं.

"त्रास कसला. शहाणा आहे गं. दिवसभरात एकदासुद्धा तुझं नाव काढलं नाही."

मुग्धा उंबऱ्यातच उभी राहिली. "एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"दुपारी तरी थोडा रडला असेल," ती आशेने म्हणाली.

सौदामिनीबाईंनी आठवून पाहिलं. "रडला की," त्या म्हणाल्या. "टीव्ही चालू असताना लाइट गेली तेव्हा."