बिराजदार सरांचा पडदा

बिराजदार सर कुणाशीही बोलायला लागण्याआधी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवायचे. मग चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही डोळ्यांत निरखून बघायचे आणि म्हणायचे, “बुबुळ झकास हाय. हां, बोला आता.” दूधवाला, पोस्टमन, कॉलेजचे प्राचार्य, सगळ्यांना हाच न्याय. माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा सरांनी नवऱ्या मुलालाही असाच खिडकीपाशी नेला. पोरगं घाबरलं, पण लग्न ठरलं.

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी, वर्गात इंग्रजी, आमच्याशी सोलापुरी मराठी. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, अंडं फोडलेल्या घरात पाणी पीत नसत. आणि हा माणूस दर रविवारी डबा घेऊन खाटकाच्या दुकानासमोर उभा. “मटन नको रे बाबा. बकऱ्याच्या पायातली पांढरी नस तेवढी दे.” खाटकाला आधी वाटलं, करणीबिरणीचा प्रकार असावा. नंतर तो आपणहून नसा बाजूला काढून ठेवायला लागला.

त्या नसा सर सिरक्यासारख्या आंबट पाण्यात भिजवायचे. हे सगळं थंडीत व्हायला लागतं, आणि आमच्या गल्लीत फ्रिज एकट्या माझ्याकडं. मी बँकेत होतो, हप्त्यानं घेतला होता. “वैनी, जरा प्रोटीन ठेवायचं हाय,” म्हणून सरांनी माझ्या बायकोच्या हातात डबा दिला. प्रोटीन म्हणजे पौष्टिकच असणार, म्हणून कुसुमनं तो श्रीखंडाशेजारी ठेवला. आत काय आहे ते कळलं त्या दिवशी तिनं श्रीखंड गटारात ओतलं, फ्रिज पुन्हा पुन्हा धुतला, आणि संध्याकाळी सरांना सांगितलं, “खालचा कप्पा तुमचा. वरच्याला हात लावायचा नाही.”

नाही म्हणणं तिलाही जमलं नाही, याचं कारण गौराक्का.

गौराक्का म्हणजे सरांची बायको. लहानपणी देवी आल्या आणि दोन्ही बुबुळांवर पांढरं फूल पडलं. उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. सरांनी हे माहीत असून त्यांना मागणी घातली होती. पुढं एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेलेल्या माणसाच्या बुबुळावरचा पडदा काढून बसवता येतो, दिसू शकेल. गौराक्का तिथून उठल्याच. “मेलेल्याचा डोळा मला नको. रात्रीचं त्याचं घर दिसत राहील मला.”

सर तेव्हा एवढंच म्हणाले, “बरं. मी करतो तुला एक.”

कॉलेजच्या ग्रंथालयातल्या कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी वाचलं होतं, की चामडं, नस आणि बुबुळावरचा तो काचेसारखा पडदा, सगळं एकाच द्रव्याचं असतं. कोलॅजन म्हणतात त्याला. “सूत तेच हो,” ते मला समजवायचे. “चादर पण सुताचीच, मलमल पण सुताचीच. वीण तेवढी जमाया पायजे.”

वीण जमायची नाही. सोलापूरचा उन्हाळा, त्यात वीज गेली की डब्यातल्या त्या मौल्यवान द्रव्याचा सुताराकडं असतो तसला सरस व्हायचा. “झाला सरस,” सर शांतपणे म्हणायचे आणि रविवारची वाट बघायचे. गौराक्कांना डब्यातलं काही सांगायचं नाही, अशी गल्लीला ताकीद होती.

एकदा मात्र संक्रांतीत, गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत पडदा जमला. काचेवर वाळवलेला, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ. सरांनी तो वर्तमानपत्रावर धरला आणि त्यातून मला सिनेमाची जाहिरात वाचून दाखवली. मग त्यांनी तो मिठाच्या पाण्यात सोडला, डोळ्यातल्या पाण्याइतक्याच खारट. आम्ही चहा पिईपर्यंत तो फुगला, गढूळ झाला आणि हलवल्यावर तुकडे तुकडे होऊन गेला.

“टिकवायचं औषध घालता येत नाही का?” मी विचारलं.

“घातलं तर टिकतो. पण डोळा भाजंल.” पाण्याकडं बघत ते म्हणाले, “बाईमाणसाला रडाया तरी यायला पायजे की हो.”

त्यानंतरही वर्षानुवर्षं डबा येत राहिला. पडदा कधी टिकला नाही.

एप्रिलात एका दुपारी सर कॉलेजातून आले, खुर्चीत टेकले आणि उठलेच नाहीत. नातेवाईक जमले. मी आत गेलो तर गौराक्का त्यांच्या उशाशी बसलेल्या. मला म्हणाल्या, “भाऊ, डॉक्टरला बोलवा. यांचे डोळे कुणाला तरी देऊन टाका.”

दीर कुरकुरले. गौराक्कांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं.

डॉक्टर आले. गौराक्कांकडं बघून हळू आवाजात म्हणाले, “बाई, यातलाच एक तुम्हालाही बसवता येईल कदाचित. भीती वाटते का?”

“भीती कवाच गेली,” गौराक्का म्हणाल्या. “ते खाटकाकडं जात्यात ते बी ठाऊक होतं. वास येतो की. लई वेळा वाटलं, सांगावं, कुणाचा बी डोळा चालंल मला. पण ते इतकं मन लावून करत होते. मी असं म्हटलं असतं तर त्या डब्याचं काय झालं असतं? राहिलं सांगायचं.”

“मग आता?” डॉक्टरांनी विचारलं.

“यांचे नकोत. ते माझ्यात बसल्यावर मला कोण बघंल?”

डॉक्टरांनी बॅग उघडली, वाकून सरांच्या पापण्या उचलल्या. गौराक्कांचा हात सरांच्या कपाळावर होता.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “कसल्या रंगाचे हायेत हो?”

“घारे,” डॉक्टर म्हणाले.

गौराक्कांचा अंगठा सरांच्या भुवईवरून फिरला.

“यांनी मला काळे म्हणून सांगितलं होतं की,” त्या म्हणाल्या, आणि हात उचलून बाजूला सरकल्या.