सातविणीचे खिळे

तोंडवलीत विज्ञान आणायचं म्हणजे आणायचंच, असा वर्षालीनं विडाच उचलला होता. "घोकंपट्टी बंद! पोरं हातानं प्रयोग करतील, आणि तेही भंगारातून!" असं तिनं स्वयंपाकघरात उभं राहून जाहीर केलं.

सासू सत्यवती मासे कापत होती. "कर गो बाय. पण माझी पातेली भंगारात घालू नको."

वर्षाली नांदगावची, बीएस्सी झालेली. लग्न होऊन इकडे आली आणि 'सिद्धेशची बायको' एवढीच तिची ओळख उरली. शाळेत नोकरी मिळायची चिन्हं नव्हती. पडवीत शिकवणी सुरू केली तेव्हा शेजारची दिव्या तिला 'बाई' म्हणाली, आणि त्या एका शब्दावर वर्षाली कितीतरी दिवस तरंगत होती.

पहिला प्रयोग गंजाचा. "गंजकं लोखंड उघड्या हातानं उचलायचं नाही! हातमोजे, चष्मा, पायात बूट! ओरखडा उठला तर लगेच धनुर्वाताचं इंजेक्शन!" पोरांनी माना डोलावल्या. भंगारही तिनं हेरून ठेवलं होतं. पाणंदीतल्या सातविणीच्या बुंध्यात जुने खिळे ठोकलेले होते. निवडणुकीच्या बॅनरचे असणार! काढले तर झाडालाही बरं वाटेल.

रविवारी भर दुपारी, वाटेवर चिटपाखरू नसताना, ती निघाली. हातात सासूचे मासळीचा बर्फ उचलायचे पिवळे हातमोजे. डोळ्यांवर सिद्धेश पर्यटकांना बुडी मारायला देतो तो मोठा चष्मा. पकडीनं एकेक खिळा उपटायचा, तोंडानं मोजायचा आणि गंज सुटावा म्हणून कोकमाच्या लालभडक आगळात बुडवायचा. नेमकी दिव्याची आई शर्मिला तिथून चालली होती. तिला दिसलं ते असं : सातविणीखाली भर बाराला काचेचे डोळे, पिवळे पंजे, तोंडात मंत्र आणि पुढ्यात रक्ताचं भांडं! शर्मिला घरी पोचली, चपला तिथंच राहिल्या.

संध्याकाळी अंगणात अर्धी वाडी हजर. पुढं गावचे भगत दाजी.

"सुनबाय, ह्यां काय केलंस? माझ्या आज्यान त्या खिळ्यांनी समंध बांधलेलो! सुटलो ना तो!"

"दाजी, ते बॅनरचे खिळे..."

"समंधाक बॅनर कित्याक व्हयो?"

झालं! समंध सुटला तो कामालाच लागला. शर्मिलाचा मिक्सर जळला, समंधानं. दाजींची कंबर धरली, समंधानं. सिद्धेशच्या होडीत पुण्याचे पाहुणे ओकले, तेही समंधानंच! सोमवारी पडवीत एक पोर नाही. दिव्या कुंपणाआडून बघायची आणि नजर मिळाली की पळायची. वर्षालीला रडू फुटलं.

"तुमका तरी पटता ह्यां?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"माका नाय पटत," सिद्धेश म्हणाला. "पण पाहुणे ओकले ना!"

शेवटी खिळे परत ठोकायचं ठरलं. दाजींनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या अजाण लेकरान चूक केली आसा, ती पदरात घे!" "व्हय म्हाराजा!" वाडी गरजली. पण भांड्यातून खिळे निघाले ते गंज जाऊन चकचकीत! दाजी झटकन मागं सरले. "हेंका मी हात लावचंय नाय! जिना काढल्यान, तिनाच मारूचे!"

मग काय! हातमोजे, चष्मा, हातोडी. कुणीही हसलं नाही, हेच वर्षालीला जास्त लागलं. दातओठ खात तिनं सगळे खिळे ठोकले. दुसऱ्या दिवशी दाजींची कंबर सुटली. समुद्र शांत होता म्हणून पाहुणेही ओकले नाहीत, पण ते ऐकतो कोण?

आणि पडवी भरली की हो! कुणाची गाय दूध देईना, कुणाचा आंबा मोहरेना. "बाईंचो हात जड आसा! समंधान तिका बोट लावूक नाय!" सत्यवती सगळ्यांना चहा देऊन देऊन दमली.

एके दिवशी दारात शर्मिला, हाताला दिव्या. वर्षालीचं काळीज सुपाएवढं झालं. आली एकदाची! "ये गो दिव्या, बस. वही आणलीस?"

"बसूक नाय इलंव, बाई," शर्मिला म्हणाली. "चेडवाक इज्ञानात मार्क कमी पडले. एक खिळो मारून देवा."

"अगो, खिळ्यान काय होतला? शिकवणीक धाड तिका!"

"शिकवणीक? नको गे बाय! तेच्यात धोको आसा."

वर्षालीनं दिव्याकडं पाहिलं. दिव्यानं तिच्याकडं पाहून भक्तिभावानं हात जोडले.

 वर्षालीनं हातोडी उचलली.

"सहामाहीसाठी की वार्षिकसाठी?"